गाडीखाना ते वाहनतळ

वैनगंगेच्या खोऱ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या बालाघाट शहराचे जुने नाव बुढा. १८६७ साली इंग्रजी अमदानीत भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे काही भाग काढून बालाघाटचा नवा जिल्हा बनविण्यात आला, आणि बुढा हे लहानसे गाव जिल्ह्याचे ठाणे झाले. त्याआधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. मराठी, पोवारी, हिंदी आणि गोंडी या भाषा येथे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेचे अडीच फुटी रूळ गोंदियाहून बालाघाटवरून जबलपूरकडे गेले. त्याच सुमारास भरवेलीच्या मँगनीजने या गावाचे नाव दूरदेशी पोहोचविले. धानाच्या गोण्या आणि खनिज यांची ने-आण करणाऱ्या बैलगाड्यांच्या त्या गावी आज चार-पाच मजली सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत. आणि अशा इमारतीचा नकाशा मंजुरीसाठी दाखल होतो, तेव्हा त्यावर खोल्या, जिना आणि विहीर यांच्याच जोडीने आणखी एक गोष्ट दाखवावी लागते : गाड्या उभ्या करण्याची जागा.

ही जागा किती असावी, कोठे असावी, तिचा खर्च कोणी सोसावा आणि ती अखेर कोणाच्या मालकीची, हे चार प्रश्न वरवर पाहता रुक्ष वाटतात. नगररचनेच्या कचेरीतील कारकुनाने आणि इमारतीच्या ठेकेदाराने त्यांचा निकाल लावावा, सामान्य माणसाला त्यांच्याशी काय कर्तव्य, असेही कोणी म्हणेल. परंतु या चार प्रश्नांच्या पोटात घराची किंमत आहे, रस्त्यावरचा हक्क आहे आणि, मध्यभारताच्या अनुभवाने दाखविल्याप्रमाणे, माणसांच्या जिवाचा प्रश्नही आहे. म्हणूनच या नियमाचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

वाहन आणि रस्ता यांचे भांडण मोटारीने सुरू केलेले नाही. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या आरंभी असीरियाचा राजा सेन्नाचेरिब याने निनेव्हे नगरीत राजमार्ग रुंद केला आणि जो कोणी आपले घर पुढे ओढून त्या मार्गाची रुंदी कमी करील त्याला त्याच्याच घरावर सुळी देण्यात येईल, असे शिलालेखातून बजावले. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमच्या गर्दीने ज्यूलियस सीझरच्या काळी असे रूप धारण केले होते, की दिवसाच्या बहुतेक वेळी मालगाड्यांना नगरात बंदी घालणे भाग पडले. रस्ता सर्वांचा आहे, तो एकट्याने अडवून ठेवण्यासाठी नाही, ही समजूत इतकी जुनी आहे.

महाराष्ट्रात आणि नागपूरकरांच्या मुलखात या समजुतीला घराच्या बांधणीतच स्थान मिळाले होते. सरदाराच्या वाड्याला पागा असे, हत्ती असल्यास फीलखाना असे, आणि रथ, मेणे, बग्ग्या यांच्यासाठी गाडीखाना असे. पुण्यात आणि नागपूरच्या महाल भागात गाडीखाना हे नाव आजही टिकून आहे. त्या नावाचा अर्थ ठाऊक नसलेली माणसेदेखील तेथून रोज जातात-येतात. शेतकऱ्याची बैलगाडी त्याच्या अंगणात किंवा गोठ्याच्या आडोशाला सोडलेली असे. बाजाराच्या दिवशी परगावच्या गाड्या एकत्र येत, तेव्हा त्यांच्यासाठी गावाच्या कडेला गाडीतळ राखलेला असे. पुण्याजवळच्या हडपसर येथे गाडीतळ हे नाव असेच मागे उरले आहे. या सगळ्या व्यवस्थेत एक साधे सूत्र होते : ज्याची गाडी त्याने ती आपल्या जागेत ठेवावी, आणि पाहुण्या गाडीची सोय गावाने करावी. हे सूत्र पाळण्यासाठी कायदा लागत नव्हता, कारण गाडी बाळगणे म्हणजे बैल बाळगणे, आणि बैल रात्री रस्त्यावर उभे करून कोणी झोपत नसे.

मोटारीने हे सूत्र मोडले. ती चारा मागत नव्हती, दावे मागत नव्हती. तिला उन्हापावसात रस्त्याच्या कडेला सोडून दिले तरी ती सकाळी तेथेच असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत मुंबई आणि कलकत्ता येथे पहिल्या मोटारी आल्या, त्या वेळी त्या संस्थानिक, गिरणीमालक आणि बडे व्यापारी यांच्याच मालकीच्या होत्या. त्यांचे बंगले प्रशस्त होते. घोड्यांच्या तबेल्यालाच नवे दरवाजे लावून त्याचे गॅरेज करण्यात आले. मुंबईच्या गिरणगावात याच वेळी उभ्या राहत असलेल्या चाळींत वाहनासाठी जागा ठेवण्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही आला नसता. तेथे एका खोलीत दोन बिऱ्हाडे राहत होती. पुढे सधन मध्यमवर्गासाठी इमारती झाल्या, तेव्हा काही ठिकाणी मागील अंगणात गॅरेजांची एखादी रांग बांधली जाई. ही रांग मालकाच्या मर्जीची होती, सरकारच्या आज्ञेची नव्हती.

आज्ञेचा जन्म अमेरिकेत झाला. मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात प्रथम तेथेच आली आणि रस्त्याच्या दोन्ही कडा तिने प्रथम तेथेच भरून टाकल्या. ओहायो राज्यातील कोलंबस या शहराने १९२३ साली नियम केला, की अनेक बिऱ्हाडांची नवी इमारत बांधणाऱ्याने तिच्या आवारात मोटारींसाठी जागा ठेवलीच पाहिजे. १९३५ साली ओक्लाहोमा सिटी येथे रस्त्यावरील जागेसाठी नाणे टाकावयाचे पहिले यंत्र बसविण्यात आले. १९३९ साली कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहराने हाच दंडक हॉटेलांना आणि रुग्णालयांना लावला. दुसऱ्या महायुद्धानंतर हा नियम एका शहराच्या पुस्तकातून दुसऱ्या शहराच्या पुस्तकात उतरत गेला. एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. ओक्लाहोमाच्या यंत्राने गाडीवाल्याकडून पैसे घेतले. कोलंबसच्या नियमाने ते घर बांधणाऱ्याकडून आणि पर्यायाने घर घेणाऱ्याकडून घेतले. पहिला मार्ग गाडीवाल्यांना टोचत होता, दुसरा कोणालाच दिसत नव्हता. जो खर्च दिसत नाही तो लोकांना मान्य होतो, आणि म्हणूनच दुसरा मार्ग जगभर पसरला.

जपानने तिसरा मार्ग धरला. १९६२ साली तेथे कायदा झाला, की गाडी ठेवण्यासाठी रस्त्याबाहेर जागा आहे असे सिद्ध केल्यावाचून गाडी बाळगता येणार नाही. वाड्याच्या काळातले सूत्रच हे. फरक इतकाच, की ते पाळले जाते की नाही हे आता पोलीस पाहत होते. जबाबदारी घर बांधणाऱ्यावर नव्हे, तर गाडी घेणाऱ्यावर टाकलेली होती.

भारतात कोलंबसचा मार्ग स्वीकारला गेला. त्याला निमित्त झाली सदनिकांची मालकी. स्वातंत्र्यानंतर मुंबईत भाड्याने घरे बांधण्याचा व्यवसाय मंदावला आणि मालकी हक्काच्या सदनिका विकण्याचा नवा व्यवहार वाढीस लागला. एका जमिनीवर पन्नास मालक आले, की जिना कोणाचा, गच्ची कोणाची, अंगण कोणाचे, असे प्रश्न उभे राहतात. त्यांचे नियमन करण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. त्या कायद्यात सदनिकेची व्याख्या करताना 'गॅरेज' हा शब्दही तिच्यात अंतर्भूत करण्यात आला. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा तीच जुनी, भिंती-दरवाजांची, मागील अंगणातली खोली असावी. या एका शब्दावरून पुढे किती मोठा वाद माजणार आहे याची कल्पना त्या वेळी कोणाला असण्याचे कारण नव्हते.

त्याच दशकात मुंबईची पहिली विकास योजना मंजूर झाली आणि १९६७ च्या विकास नियंत्रण नियमांबरोबर चटई क्षेत्र निर्देशांक ही कल्पना रूढ झाली. भूखंड जितका, त्याच्या ठरावीक पटीतच बांधकाम, असा तिचा अर्थ. मग प्रश्न आला, की गाडी ठेवण्याची झाकलेली जागा या मोजणीत धरावी की नाही? धरली, तर प्रत्येक गाडीमागे विकाऊ घराची तेवढी जागा कमी होते आणि कोणीही ती राखणार नाही. म्हणून खांबांवर इमारत उचलून तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडल्यास तो निर्देशांकात धरू नये, अशी सवलत मिळाली. १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेने वाहनतळाची कोष्टके दिली. नगराची लोकसंख्या कमी असेल तर मागणी कमी, महानगर असेल तर अधिक, असा विवेकही त्या कोष्टकांत होता. बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गाडीच्या जागेचे माप अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब असे ठरले. लहान घरे असल्यास चार घरांमागे एक जागा, मोठे घर असल्यास एका घरामागे एक किंवा दोन, अशी चढती श्रेणी आली. पुढच्या नियमावलीनेही तिचे तत्त्व कायम ठेवले.

बालाघाटची वाट याच काळात वेगळी झाली होती. १९५६ पर्यंत जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. बालाघाटचा माणूस कचेरीच्या कामासाठी गोंदियावरून नागपूरला जाई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि बालाघाट नव्या मध्यप्रदेशात राहिले. त्याची राजधानी झाली भोपाळ. तेव्हापासून एकाच खोऱ्यातील शेजारच्या दोन गावांना इमारतीचे दोन वेगळे कायदे लागू झाले. सीमेजवळच्या बाघ नदीच्या अलीकडे गोंदियाला महाराष्ट्राचे नियम लागतात. त्यांचे २०२० साली एकत्रीकरण झाले. पलीकडे बालाघाटला मध्यप्रदेशाचा १९७३ चा नगर व ग्राम निवेश अधिनियम आणि त्याखालील भूमिविकास नियम लागतात; हे नियम प्रथम १९८४ साली झाले आणि २०१२ साली नव्याने करण्यात आले. दोन्ही राज्यांची भाषा वेगळी, कोष्टके वेगळी. पण मूळ कल्पना एकच : नवी इमारत बांधणाऱ्याने गाड्यांची सोय आपल्या आवारात करावी. कोलंबसचा १९२३ चा दंडक असा दोन वाटांनी वैनगंगेच्या खोऱ्यात येऊन पोहोचला.

खांबांवर उचललेल्या तळमजल्याची खरी परीक्षा याच प्रदेशाने पाहिली. २२ मे १९९७ रोजी, रात्री माणसे गाढ झोपेत असताना, जबलपूरला भूकंपाचा हादरा बसला. नर्मदेच्या खोऱ्यातील त्या भूकंपात सुमारे चाळीस माणसे मरण पावली आणि हजारो घरांची हानी झाली. बालाघाटची लहान गाडी ज्या शहरापर्यंत जात असे त्याच शहराची ही गोष्ट. पाहणीसाठी गेलेल्या अभियंत्यांना तेथील सदनिकांच्या इमारतींत एक विचित्र प्रकार दिसला. एका इमारतीच्या तळमजल्याचा एक भाग गाड्यांसाठी मोकळा सोडलेला होता आणि दुसऱ्या भागात राहती घरे होती. राहत्या भागाच्या विटांच्या भिंती तग धरून उभ्या होत्या. गाड्यांच्या बाजूचे खांब मात्र फुटून गेले होते.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. वरच्या मजल्यांवर खांबांमधील पोकळ्या विटांच्या भिंतींनी भरलेल्या असतात, त्यामुळे ते मजले एखाद्या पेटीसारखे ताठ राहतात. तळमजला गाड्यांसाठी उघडा ठेवला, की तेथे भिंती उरत नाहीत, केवळ खांब उरतात. जमीन हलली म्हणजे सारे डोलणे त्या एका मजल्यावर एकवटते आणि वरच्या पेटीचे सगळे ओझे लवचीक काठ्यांवर येऊन पडते. अभियंते अशा मजल्याला मऊ मजला म्हणतात. जबलपूरने जे सूचित केले ते २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपाने भीषण रीतीने सिद्ध केले. भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, आणि त्यांपैकी बऱ्याच इमारतींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा होता. त्यानंतर भारतीय मानक १८९३ ची २००२ साली सुधारणा झाली. मऊ मजला ठेवावयाचा असेल तर त्याचे खांब आणि तुळया नेहमीच्या हिशेबाने येणाऱ्या भूकंपीय भाराच्या अडीच पट भार सहन करतील अशा असाव्यात, असा मार्ग त्यात सांगण्यात आला. एका नियमाने घराखाली पोकळी निर्माण केली, आणि ती पोकळी माणसांच्या अंगावर येऊ नये म्हणून दुसरा नियम करावा लागला. गाडीची जागा म्हणजे केवळ नकाशावरचा चौकोन नव्हे, हे यावरून उघड होते.

इकडे मुंबईत त्याच पोकळीच्या मालकीवरून दुसरे युद्ध चालू होते. जमिनीचा भाव आकाशाला भिडू लागला, तसा खांबांमधील प्रत्येक चौकोन विकण्यासारखा झाला. सदनिका विकून झाल्यावर बांधकाम करणारा प्रवर्तक खालच्या जागा निराळ्या किमतीने विकी. कित्येकदा त्या इमारतीत न राहणाऱ्या माणसालाही विकी. दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत हाच वाद न्यायालयात गेला. इमारतीच्या खांबांमध्ये २५ गाड्यांच्या जागा होत्या. त्या आपल्या मालकीच्या आहेत, असे प्रवर्तकाचे म्हणणे. त्या सर्व सभासदांच्या सामाईक आहेत, असे संस्थेचे म्हणणे. प्रवर्तकाचा युक्तिवाद १९६३ च्या कायद्यातील त्या जुन्या शब्दावर उभा होता : सदनिकेच्या व्याख्येत गॅरेज येते, खांबांमधील जागा हेही एक गॅरेजच आहे, म्हणून ती स्वतंत्र सदनिकेसारखी विकता येते.

दिवाणी न्यायालय आणि उच्च न्यायालय यांनी हा युक्तिवाद फेटाळला. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आर. एम. लोढा आणि न्यायमूर्ती ए. के. पटनाईक यांनी या वादाचा अखेरचा निकाल दिला. खांबांमधील उघडी जागा म्हणजे त्या कायद्याच्या अर्थाने गॅरेज नव्हे, ती इमारतीच्या सामाईक सोयींचा भाग आहे आणि प्रवर्तकाला ती स्वतंत्रपणे विकण्याचा अधिकार नाही, असे त्यांनी ठरविले. या निर्णयातील न्याय सहज पटण्यासारखा आहे. ज्या जागेला निर्देशांकातून सूट मिळाली ती सार्वजनिक हितासाठी मिळाली. ती सूट घेऊन पुन्हा तीच जागा विकणे म्हणजे एकाच वस्तूचे मोल दोनदा वसूल करणे होय. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने ही भूमिका देशभर नेली. त्यात गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा, अशी स्पष्ट व्याख्या झाली आणि उघडे वाहनतळ सामाईक क्षेत्रांत गणले गेले. हा अधिनियम मुंबईला जसा लागू आहे, तसाच बालाघाटलाही. तेथे सदनिका घेणाऱ्या शिक्षकाला किंवा खाणीतील कामगाराला उघड्या जागेसाठी कोणी निराळी किंमत सांगितली, तर कायदा आज त्याच्या बाजूने उभा आहे.

मालकीचा प्रश्न असा सुटला. खर्चाचा प्रश्न मात्र सुटला नाही. जागा विकता येत नसली, तरी ती फुकट निर्माण होत नाही. दिल्लीच्या २०२१ च्या बृहद्‌योजनेने एका मोटारीसाठी, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेसह, उघड्यावर २३ चौरस मीटर, इमारतीखाली २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरली आहे; आणि सामूहिक निवासात दर १०० चौरस मीटर बांधकामामागे दोन मोटारींची सोय सांगितली आहे. म्हणजे १०० चौरस मीटर घरांसाठी तळघरात ६४ चौरस मीटर गाड्यांसाठी. दुसरीकडे, २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाच्या घराला ३० चौरस मीटर चटई क्षेत्राची मर्यादा होती. तळघरातील एका मोटारीला ३२, आणि एका गरीब कुटुंबाला ३०! हे दोन आकडे शेजारी ठेवले, की अधिक टीका करण्याची गरज उरत नाही.

शिवाय मोटारी आहेत तरी किती जणांकडे? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील केवळ साडेसात टक्के कुटुंबांपाशी मोटार होती. दुचाकी सुमारे निम्म्या कुटुंबांपाशी होती. शहरांत हे प्रमाण अधिक आणि ते वाढतही आहे, हे खरे. तथापि ज्याच्यापाशी गाडी नाही त्यालाही इमारतीच्या किमतीतून गाडीच्या जागेचा वाटा उचलावा लागतो, हेही तितकेच खरे. सायकलवर जाणारा शेजाऱ्याच्या मोटारीचे भाडे भरतो, आणि ते भाडे आपण भरतो आहोत याचा त्याला पत्ताही नसतो.

हाच मुद्दा कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडला. सक्तीच्या वाहनतळांमुळे घरे महागतात, नगरे विखुरतात आणि जागा फुकट असल्यामुळे गाड्या आणखी वाढतात, असे त्यांचे प्रतिपादन. लंडनने २००४ सालीच किमान जागेची सक्ती काढून कमाल मर्यादा आणली होती, आणि त्यानंतर नव्या घरांबरोबर बांधल्या जाणाऱ्या वाहनतळांचे प्रमाण लक्षणीय घटले. न्यूयॉर्क राज्यातील बफलो शहराने २०१७ साली ही सक्ती रद्द केली, आणि पुढे अनेक अमेरिकन नगरांनी तोच मार्ग धरला. ज्या देशात कोलंबसचा नियम जन्मला त्याच देशात तो नव्वद-पंच्याण्णव वर्षांनी मागे घेतला जाऊ लागला. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही वाहनतळाच्या शुल्कात जमिनीचे खरे मोल उतरावे, असे तत्त्व आहे.

मग नियम सरळ काढून टाकावा काय? उत्तर तितके सोपे नाही. लंडनमध्ये भुयारी आगगाडी आहे आणि रस्त्यावर गाडी ठेवण्याला कडक शिस्त आहे. जेथे सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी आणि रस्त्यावरील शिस्त सैल, तेथे आवारातील सक्ती काढली तर गाड्या नाहीशा होणार नाहीत. त्या दारासमोरच्या रस्त्यावर येतील. मग रुग्णवाहिकेची वाट अडेल, अग्निशामक बंबाची वाट अडेल आणि पायी चालणाऱ्याला रस्त्याच्या मध्यावर उतरावे लागेल. २०१८ साली पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येहून अधिक झाल्याचे प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी पुणे महापालिकेने वाहनतळ धोरण संमत केले. रस्त्यावरील जागेला शुल्क लावण्याच्या कल्पनेला तेथे किती कडवा विरोध झाला, हे सर्वश्रुत आहे. मुंबईत २०१९ साली सार्वजनिक वाहनतळांच्या जवळपास रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना पाच हजार रुपयांपासून पुढे दंड सुरू करण्यात आला. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने जागेचा पुरावा असल्याशिवाय गाडीची नोंदणी न करण्याचा विचार बोलून दाखविला. जपानचा १९६२ चा मार्ग, म्हणजेच वाड्याच्या काळातले सूत्र, असे पुन्हा चर्चेत आले आहे.

या साऱ्या इतिहासात तीन मार्ग स्पष्ट दिसतात. घर बांधणाऱ्याला जागा ठेवण्यास भाग पाडावे, हा पहिला. गाडी बाळगणाऱ्याने जागा दाखवावी, हा दुसरा. आणि रस्त्यावरील जागेचे मोल घेऊन ते सर्वांच्या कामी लावावे, हा तिसरा. मोठ्या नगरांनी पहिल्या मार्गावर अर्धे शतक चालून पाहिले. त्यांना वाहनतळ मिळाले; पण घरे महागली, खांबांवरचे मजले धोक्याचे ठरले आणि रस्ते तरीही भरलेलेच राहिले. दुसरा आणि तिसरा मार्ग त्यांना आता, फार उशिरा, आठवू लागले आहेत.

बालाघाटसारख्या गावाचे भाग्य असे, की त्याला या चुका पुन्हा करण्याचे कारण नाही. अडीच फुटी रूळ जाऊन तेथे रुंद रूळ आले आहेत. गोंदिया आणि जबलपूर ही दोन्ही मोठी शहरे त्यामुळे जवळ आली आहेत. गावात दुचाकी अधिक आणि मोटारी कमी, हे ध्यानात घेऊन कोष्टके लवचीक ठेवता येतात. राष्ट्रीय संहितेने लहान नगरांसाठी मागणी कमी ठेवली ती याच विचाराने. बाजारपेठेजवळ जुन्या गाडीतळासारखी एखादी सामाईक जागा राखली, तर प्रत्येक इमारतीखाली पोकळी खोदण्याची गरज कमी होईल. आणि जेथे खांबांवर घर उचलावेच लागेल तेथे त्या खांबांत किती लोखंड पडले हे पाहणे, नकाशावर किती चौकोन काढले हे मोजण्याइतकेच अगत्याचे आहे. जबलपूरची ती रात्र याच शेजारची आहे.

जुन्या काळी गावकऱ्याने आपल्या गाडीचे जू रात्री स्वतःच्या अंगणात उतरविले, आणि पाहुण्याच्या गाडीला गावाने तळ दिला. गाडीचा भार गाडीवाल्यावर आणि पाहुणचाराचा भार गावावर, अशी ती वाटणी होती. आजचे नियम कितीही पानांचे असोत, त्यांची पारख याच जुन्या मापाने करता येईल. ज्या नियमामुळे गाडीचा भार गाडी नसलेल्याच्या घरावर पडतो तो नियम, कोष्टके कितीही नेटकी असली, तरी पुन्हा तपासून पाहण्यास पात्र आहे.